एक खळं, दोन चुली

फणसाच्या किसाला मोहरीची फोडणी बसली आणि वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली जिन्याच्या पोकळीतून खाली आली. टोपलीत भोपळ्याच्या पुलुसूचं, चिंचेच्या आंबट आमटीचं, पातेलं होतं. वसुंधरेनं ते उचलून घेतलं, त्या जागी किसाचा डबा ठेवला आणि दोरीला झटका दिला. टोपली हलली नाही. वरून चुलतसासूबाई जानकम्मांचा चेहरा डोकावला.

"सांगितलंस?"

"कुणाला?"

"राष्ट्रपतींना! अगं, तुझ्या सासऱ्यांना."

"नाही, चिन्नत्तय्या. शर्वाणी म्हणते, सगळ्यांना एकदमच कळू दे. सेमिनारचा नियमच तसा आहे म्हणे. आणि वर? चिन्नमामय्यांना ठाऊक आहे?"

"त्यांना ठाऊक असतं तर सकाळपासून शीळ घालत फिरले असते," जानकम्मा म्हणाल्या. "तीस वर्षं ज्या शब्दासाठी घसा कोरडा केला, तो तुझी पोरगी आज फुकटात देणार."

टोपली वर गेली.

वालतेरच्या टेकडीवरच्या या घरात तीसेक वर्षांपासून दोन चुली होत्या. खाली थोरले भाऊ प्रोफेसर पेम्मराजु विश्वनाथम्, वर धाकटे डॉक्टर रामलिंगम्, जानकम्मांचे यजमान. दोघंही अर्थशास्त्रातले, एकाच विद्यापीठातले, एकाच खोलीत समोरासमोर टेबलं टाकून बसलेले. मग धाकट्यानं एका नियतकालिकात थोरल्याच्या पुस्तकावर लिहिलं की प्रसिद्ध 'पेम्मराजु नियम' हा दृष्टिभ्रम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले पेसरट्टूचं, मुगाच्या धिरड्याचं, ताट न शिवता उठले आणि महिन्याभरात वर गॅस आला. भांडण पुरुषांचं होतं. बायकांनी त्याच आठवड्यात दोरी आणि टोपली आणली.

वसुंधरा या घरात सून म्हणून आली तेव्हा टोपली आधीपासून होती. ती स्वतः महिला महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवायची. या घरात त्याला कॉमर्स म्हणायचे, आणि तो शब्द सगळे अशा आवाजात उच्चारायचे, जसा एखाद्या दूरच्या नातेवाइकाचा आजार सांगावा. त्याचं तिला वाईट वाटत नसे. कुणी कुणाची बाजू कधी घेतली, कुठली बाजू कुठं वळती झाली, हे सगळं ती मनातल्या मनात जमा आणि नावे टाकत असे, आणि या घराचा ताळेबंद तिच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

आज मात्र तिलाही बेरीज लागत नव्हती.

"वसू." तिचा नवरा, थोरल्यांचा मुलगा सोमयाजुलू, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. दाढी अर्धीच झालेली, गालावर साबण. "मी वाचलं पोरीचं. पहाटे तिच्या टेबलावरून उचलून वाचलं."

"चोरून?"

"बाप आहे मी. आणि उद्याच्या कार्यक्रमाचा संयोजकही आहे. उद्या कुलगुरू येणार, शाल येणार, दिल्लीहून दोन माणसं विमानानं येणार. नान्नांना त्र्याऐंशीव्या वर्षी सन्मान मिळतोय, आणि सकाळच्या पहिल्याच सत्रात आपली मुलगी उभी राहून म्हणणार की पेम्मराजु नियम चूक आहे? तू आई आहेस, थांबव तिला. ताप आलाय म्हणू."

"कुणाला? तुम्हाला की तिला?"

"थट्टा नको गं."

"मी थट्टा करत नाही," वसुंधरा म्हणाली, आणि कढीपत्त्याची पानं ओरबाडायला लागली. "दोन हिवाळे मामय्यांच्या पाहणीच्या गावात, चिंतलंकेत, राहून आली ती. पायाला नारू व्हायचाच राहिला होता. आता गप्प बस म्हटलं तर आयुष्यभर या घरात गप्पच बसेल. आणि बोल म्हटलं, आणि मामय्यांना काही झालं, तर तेही मलाच भोगायचंय. तुम्ही आधी दाढी पूर्ण करा."

नियम साधा होता आणि पाठ्यपुस्तकात होता: शेत जितकं लहान, तितकं एकरी पीक जास्त. विश्वनाथम् यांनी तो गोदावरीच्या मुखाशी असलेल्या चिंतलंका गावात सासष्ट सालच्या पाहणीतून काढला. त्यावर मंत्र्यांनी भाषणं केली, जमिनीच्या वाटपाचे कायदे करताना वकिलांनी तो पुढं ठेवला, आणि आंध्रातल्या किती पोरांनी तो घोकून पहिला वर्ग मिळवला याची गणती नाही. थोरल्यांच्या पत्नी, म्हणजे वसुंधरेच्या अत्तगारू, गेल्या तेव्हा सांत्वनाला आलेल्या एका तहसीलदारानंही तो म्हणून दाखवला होता.

*

घरचा सेमिनार रविवारी जेवणानंतर व्हायचा. पेम्मराजुंच्या घरातलं कुणीही बाहेर निबंध वाचणार असेल तर तो आधी घरच्या जेवणघरात वाचायचा, फळ्यासमोर, मुद्दपप्पुचं घट्ट वरण आणि तूपभात पोटात गेलेल्या माणसांसमोर. यांना जागं ठेवलंत तर जगात कुणालाही जागं ठेवाल, असं थोरले म्हणत. दुसरा नियम त्याहून कडक होता: सेमिनारात नाती नाहीत. आजोबा नाही, भाऊ नाही, बायको नाही. सगळे 'वक्ते', 'डॉक्टर', 'प्रोफेसर', आणि सगळ्यांना अहो-जाहो. नातं तोंडातून निघालं की त्या माणसाचा एक प्रश्न रद्द. वेळ सांभाळायला आणि नाती पकडायला अध्यक्ष म्हणून कॉमर्सवाली वसुंधरा, हातात चमचा, पुढ्यात स्टीलचा पेला.

रामलिंगम् बाहेरच्या जिन्यानं आले. ते फक्त सेमिनारालाच खाली येत. सेमिनार म्हणजे काही जेवण नव्हे. जेवून आलेले, पान लावलेले, हातात पेन्सिल टोकदार करून. मागच्या खुर्चीवर जानकम्मा. थोरले नेहमीसारखे पहिल्या खुर्चीवर, कानातलं यंत्र बोटानं दाबत.

शर्वाणी उठली. सत्तावीस वर्षांची, आजोबांसारखं कपाळ, आणि खडू धरायची तऱ्हाही त्यांचीच.

"चिंतलंकेत सुब्बारायुडू आणि व्यंकन्ना असे दोन भाऊ होते," ती म्हणाली.

"माहीत आहेत," थोरले म्हणाले. "व्यंकन्नाच्या शेवग्याला..."

वसुंधरेनं पेला वाजवला. "वक्त्यांना बोलू द्या, प्रोफेसर."

"सुब्बारायुडूकडे पाच एकर, व्यंकन्नाकडे दीड," शर्वाणी पुढं म्हणाली. "आधी दोघांची सारखी जमीन होती, पण नदीनं धाकट्याचा तुकडा खाल्ला. पाहणीच्या आधी दोघांच्या बायकांचं बिनसलं आणि चुली वेगळ्या झाल्या. पाहणीचा नियम होता: ज्यांची चूल एक, ते एक कुटुंब. म्हणून पाहणीत ही दोन कुटुंबं धरली. मग दोघांना एकच प्रश्न विचारला: यंदा घरात धान किती आलं? आलेल्या धानाला एकरांनी भागलं. व्यंकन्नाचं एकरी पीक थोरल्याच्या कितीतरी पट निघालं. लहान शेत, मोठं पीक."

"बरोबर," रामलिंगम् पेन्सिल नाचवत म्हणाले. "इथूनच मी म्हणत आलोय की गणितात..."

"गणित बरोबर आहे, डॉक्टर," शर्वाणी म्हणाली. "गणित अगदी बरोबर आहे. मी व्यंकन्नाच्या मुलीला भेटले. मग सुब्बारायुडूच्या नातवांना. मग निम्म्याहून जास्त गावाला. चुली वेगळ्या होत्या, खळं एकच होतं. दोन्ही शेतांचं धान एकाच खळ्यावर मळायचे आणि तोंडं मोजून वाटायचे. थोरल्याला दोन मुलं, धाकट्याला सात. म्हणून दीड एकरवाल्याच्या घरात इतकं धान गेलं. ते त्याच्या शेतात पिकलेलं नव्हतं. थोरल्यानं दिलेलं होतं." तिनं फळ्यावर काढलेल्या नियमाच्या तिरक्या रेघेवर हात ठेवला. "एका खळ्यावरची घरं एकत्र धरली, की ही रेघ आडवी होते. नियम उरत नाही."

सोमयाजुलूनं छताकडे पाहिलं. वसुंधरेनं सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचं बोट कानावरच्या यंत्रावर होतं, जणू ऐकू आलं ते यंत्रानं केलेली खरखर असावी. मग तिनं मागं पाहिलं, रामलिंगम् यांच्याकडे. आता शीळ वाजणार.

रामलिंगम् उभे राहिले. "वक्त्यांचा निष्कर्ष अत्यंत घाईचा आहे," ते म्हणाले. "पन्नास वर्षांनी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर एवढी मोठी इमारत पाडायची? आठवणी गोड होतात. भांडणं विसरतात. प्रोफेसर विश्वनाथम् यांची पाहणी ही त्या काळातली या देशातली सगळ्यात काटेकोर पाहणी होती!"

सोमयाजुलूच्या हातातलं पेन खाली पडलं. जानकम्मा खुर्चीच्या कडेवर सरकल्या. वसुंधरेनं मनातल्या वहीत एक ओळ खोडली आणि तिथं काय लिहावं हे तिला कळेना.

"डॉक्टर," थोरले हळूच म्हणाले. "गेली तीस वर्षं नियम खोटा आहे असं तुम्हीच म्हणत होता."

"मी गणितावर बोलत होतो! प्रश्नावर कधीच बोललो नाही."

"का नाही बोललात?"

रामलिंगम् यांनी पेन्सिलीचं टोक पाहिलं. "कारण गावात घरोघर जाऊन प्रश्न मी विचारला होता. तेवीस वर्षांचा होतो. 'घरात धान किती आलं' हे माझे शब्द. शेतात किती पिकलं असं विचारायला हवं होतं. मीच..."

"खोटं!" थोरले उठायला गेले आणि गुडघा धरून परत बसले. "प्रश्न मी लिहिला होता. तू फक्त वाचून दाखवलास. लिंगं, तू तेव्हा पोरगा होतास, अंगात ताप असताना घरं फिरायचास, तू कसली चूक करणार?"

टण्. "नातं नाही, पण 'तू' झालं, प्रोफेसर," वसुंधरा म्हणाली. "एक प्रश्न रद्द."

"सगळे रद्द कर! प्रश्न माझा होता."

"अन्नय्या, लिहिला असशील तू, पण विचारताना मला कळायला नको होतं? समोर खळं होतं!"

टण्. "'अन्नय्या' म्हणून भावाला हाक मारलीत, डॉक्टर. तुमचाही."

"त्याचा कसा? चूक माझी आहे, त्याचा प्रश्न का रद्द?"

"नियमासाठी तीस वर्षं भांडलात," जानकम्मा मागून म्हणाल्या, "आता चुकीसाठी भांडा. मी वर जाते, दूध तापत ठेवलंय."

शर्वाणी फळ्याजवळ उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुणी पाहू नये म्हणून ती फळा पुसायला वळली.

"पुसू नका!" थोरले ओरडले. मग हसले, आधी घशात, मग खांदे हलायला लागले. "मी पीक मोजायला गेलो, लिंगं. आणि गावभर भाऊ मोजून आलो." पण हसणं लवकर संपलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि सेमिनारातल्या जुन्या, कोरड्या आवाजात विचारलं, "वक्त्यांना एक प्रश्न. चूल हे कुटुंबाचं माप नाही हे मान्य. खळं? आता गावात खळी राहिली नाहीत, यंत्र येऊन मळून जातं. मग आज कुटुंब कशाला म्हणायचं? व्याख्या द्या."

शर्वाणीनं खडू खाली ठेवला. "माझ्याकडे नाही," ती म्हणाली.

"मग उद्या तसंच सांगा. नाही म्हणून सांगा. मी सांगितलं नाही तिथंच घोडं अडलं."

"उद्या?" सोमयाजुलू म्हणाला. "नान्ना, उद्या सत्कार आहे."

"कुणाचा?"

"तुमचा."

"माझाच ना? नियमाचा तर नाही? मग मी येतो आहे. पहिल्या रांगेत बसेन. यंत्राला नवी बॅटरी घाल."

*

सेमिनार संपल्यावर पूतरेकुलूची परात फिरली, तेव्हा थोरल्यांनी घेतलं नाही. वसुंधरेनं ते नोंदवून ठेवलं. या माणसानं बायकोच्या तेराव्यालाही गोड नाकारलं नव्हतं. थोड्या वेळानं ती ताकाचा पेला घेऊन व्हरांड्यात गेली. टेकडीखाली समुद्र पांढराफटक पडला होता आणि थोरले त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"मामय्या, ताक."

"ठेव." पेला त्यांच्या शेजारी राहिला. "वाईट वाटतं गं. नाही म्हणणार नाही. पन्नास वर्षं माणसं मला रस्त्यात थांबवून तो नियम म्हणून दाखवायची. आता कुठल्या तोंडानं थांबवतील?"

कॉमर्सवाल्यांना गप्प बसता येतं, हा एक फायदा होता.

"पण त्याहून वाईट दुसरंच वाटतं. सुब्बारायुडूच्या अंगणात मी महिनाभर झोपलो होतो, वसू. खळं माझ्या उशाशी होतं. रात्री थोरला धाकट्याच्या पोरांच्या वाट्याची पोती मापायचा, मी ऐकायचो. मला वाटायचं काहीतरी देणंघेणं असेल. चूल मोडली म्हणजे माणसं मोडली, असंच मला वाटायचं." त्यांनी ताकाचा घोट घेतला. "पुढं आपल्या घरात चूल मोडली तेव्हा तरी कळायला हवं होतं."

"कळलं नाही?"

"आजचा पुलुसू कुणाचा होता?"

वसुंधरेनं पदर सारखा केला. "वरचा."

"मला माहीत आहे. तीस वर्षं मला माहीत आहे. तुझ्या हातचा एवढा चांगला होत नाही."

"मामय्या!"

"कॉमर्समध्ये चिंच मोजून घालतात, काय करणार." त्यांनी पेला रिकामा केला आणि परत दिला. "एक पूतरेकु आण. दोन आण."

*

संध्याकाळी जेवणघरात शर्वाणी लॅपटॉप उघडून बसली. दोन म्हाताऱ्यांनी दुपारी पेरलेल्या हरकतींची उत्तरं तिला निबंधात घालायची होती. थोरले शेजारी भिंग घेऊन. रामलिंगम् वरच्या मजल्यावर जिन्याच्या पोकळीपाशी खुर्ची टाकून बसले होते. सेमिनार संपला होता, त्यामुळं खाली यायला कारण नव्हतं. बोलणं पोकळीतून चाललं होतं.

"अन्नय्या," मध्येच त्यांनी हाक दिली. "मी विचार करतोय. आता या वयात दोन स्वयंपाकघरं कशाला?"

थोरल्यांनी भिंग खाली ठेवलं. "मीही तोच विचार करत होतो," ते म्हणाले. "उद्यापासून एकच करू."

सोमयाजुलूनं टाळी वाजवायला हात वर केले.

"कुणी विचारलं तुम्हाला?" वरून जानकम्मांचा आवाज आला. "वसू, ऐकलंस का?"

"ऐकलं, चिन्नत्तय्या."

"तुझं काय मत?"

वसुंधरेनं पोळपाट बाजूला ठेवला. तीस वर्षांचा हिशेब तिच्या डोळ्यांसमोरून गेला. "दोन चुली आहेत म्हणून रोज दोन भाज्या, दोन पुलुसू आणि दोन पच्चडी होतात, आणि राबणं मात्र एकाच स्वयंपाकाचं. एक केली की भाजी एक होणार आणि भांडणं दोन. शिवाय चिन्नमामय्यांना तिखट लागतं, मामय्यांना चालत नाही. माझा विरोध आहे."

"माझाही," जानकम्मा म्हणाल्या. "ठराव नामंजूर. टोपली सोडते आहे, आवकायचं लोणचं काढून घे."

वसुंधरेला वाटलं, हा हिशेब दोन्ही अर्थशास्त्रज्ञांना कुठल्याही पुस्तकात सापडला नसता.

"बघू, पहिलं पान दाखव," थोरले थोड्या वेळानं शर्वाणीला म्हणाले. भिंग पानाच्या तळाशी गेलं, जिथं आभार असतात. "प्रोफेसर विश्वनाथम् आणि डॉक्टर रामलिंगम् यांच्या सूचनांबद्दल आभार. ठीक. हे काय पुढं? 'उरलेल्या चुका सर्वस्वी माझ्या.'"

"तशी पद्धत आहे, तातय्या. सगळेच लिहितात. तुम्हीही लिहीत होता."

"मी माझ्या चुकांबद्दल लिहीत होतो. तू कोण माझ्या चुका स्वतःच्या नावावर करून घेणारी? मी अजून जिवंत आहे. खोड ते."

"त्यातली निम्मी माझी," वरून आलं. "माझा वाटा काढून लिही गं, पोरी."

"निम्मी कशी? वाटणी कुणी केली? प्रश्न लिहिणाऱ्याचा मोठा वाटा!"

"विचारणाऱ्याचा!"

"मग मी काय लिहू?" शर्वाणी म्हणाली. ती आता हसत होती, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले होते. "अम्मा, अध्यक्ष तू आहेस. सांग."

वसुंधरेनं पोकळीत लोंबणाऱ्या टोपलीतून आवकायची बरणी काढली आणि झाकण घट्ट आहे का पाहिलं. "वडिलोपार्जित आहे," ती म्हणाली. "वाटणी झालेली नाही. अविभक्त म्हणून दाखव."

शर्वाणीनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: "'उरलेल्या चुका पेम्मराजु कुटुंबाच्या, अविभक्त.'"

थोरल्यांनी मान हलवली. त्यांना ते पसंत पडलं होतं, आणि पसंत पडलेलं दिसू नये म्हणून ते भिंग पुसत होते.

"हरकत!" वरून रामलिंगम् ओरडले. "कुटुंब म्हणजे कोण? व्याख्या कुठं आहे?"

"खाली ये, मग सांगतो," थोरले म्हणाले.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. रामलिंगम् दारात आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत ताट होतं. वरच्या चुलीवरचा गरम भात, वरची डाळ, आणि कडेला दुपारचा खालचा फणसाचा कीस. ते थोरल्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि ताट दोघांच्या मध्ये ठेवलं.

"हं," ते म्हणाले. "सांग आता."